खिशात मावणारे दगड

१२ नोव्हेंबर

ताईने निघताना ही डायरी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, तुझ्या कामाच्या वहीत नुसते दगड असतात, हिच्यात जरा माणसं लिही. लिहिते. पण पहिल्याच पानावर दगड येणार, त्याला माझा इलाज नाही.

बाबा आणि मी संध्याकाळी डोंगरावर पोहोचलो. आमच्या ड्रायव्हरला सगळे तुफान म्हणतात, कारण चढावर सायकलवालाही त्याला मागे टाकतो. जंगल खात्याची जुनी चौकी आम्हाला मिळाली आहे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर पत्रे, मागे मोरी. पुढच्या खोलीत माझं टेबल, नमुन्यांच्या कापडी पिशव्या अडकवायला खिळे आणि भिंतीवर नकाशा. मागच्या खोलीत स्टोव्ह आणि बाबांची खाट. माझी खाट नकाशाखाली.

काम असं आहे. या डोंगरात ओढ्याने एक दरड कापली आहे आणि त्या दरडीत मॅंगनीजचा काळा पट्टा उघडा पडला आहे. तो आत किती लांब जातो, किती खोल जातो, ते चर खोदून शोधायचं. साठा मोठा निघाला तर कंपनी इथे खाण उघडणार आणि तिची प्रमुख मी. छोटा निघाला तर गाशा गुंडाळायचा आणि परत.

परत म्हणजे चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाबांनी आयुष्यभर खाणीत मुकादमी केली. त्यांची हाक खाणीच्या या टोकापासून त्या टोकाला जायची. आई गेल्यापासून तोच माणूस दारामागे खुर्ची टाकून लिफ्टचा आवाज ऐकत बसायचा, आणि मी कामावरून आले की कोण वर गेलं, कोण खाली आलं, एवढंच सांगायचा. ते मला बघवेना. म्हणून साहेबांना म्हटलं, स्वयंपाकाला माणूस मिळाला आहे, बिनपगारी, आणि बाबांना घेऊन आले.

तेव्हा हे इथे एकदा लिहून टाकते. मला हा साठा मोठा हवा आहे, आणि तो कंपनीसाठी नको, बाबांसाठी हवा आहे.

१६ नोव्हेंबर

पहिला चर दरडीला लागून घेतला. वर लाल माती, तिच्याखाली काजळासारखा मऊ भुगा, आणि त्याखाली खरा माल. निळसर झाक असलेला काळा दगड, हातात घेतला की मनगट खाली जावं इतका जड. खडबडीत पांढऱ्या फरशीवर घासला तर रेघ काळीभोर. मला राहवेना. कुणी बघत नाही असं पाहून दगड गालाला लावला. मग दिवसभर काळा गाल घेऊन हुकूम सोडत होते आणि एकाही शहाण्याने ते सांगितलं नाही.

बाबांना चरावर यायला बंदी केली. दुपारी चहा घेऊन आले आणि चहा बाजूला ठेवून खोदणाऱ्यांना पहार कशी धरायची ते शिकवू लागले. त्यातून सगळ्यांसमोर मला "चिमणे" म्हणाले. ज्या बाईला माणसं चिमणी म्हणून ओळखतील, तिच्या शब्दाला डोंगरावर किंमत काय राहणार? बाबांनी तोंड एवढंसं केलं, पण ऐकलं. आता ते चौकी सांभाळतील, स्वयंपाक करतील आणि फिरायला दुसऱ्या दिशेला जातील.

२३ नोव्हेंबर

बाबा सुधारले. अगदी डोळ्यांत भरावं इतके. सकाळी मी उठायच्या आत त्यांची दाढी झालेली असते. चार वर्षं पेटीत पडलेला करडा कोट काढला, ब्रशने झाडला, आणि तोच घालून हिंडतात. खिंडीपलीकडे जंगल खात्याची रोपवाटिका आहे, तिथून ताजी भाजी आणतात. एक जुडी आणायला सगळी दुपार लागते, पण मी काही बोलत नाही. चढ-उतार आहे, त्यांचं वय आहे, आणि हवा लागते आहे ना, मग झालं.

काल तर चक्क शीळ घालत बटाटे सोलत होते. डोंगराची हवा म्हणजे औषध आहे, हे मी ताईला कधीपासून सांगत होते.

दुसऱ्या चरात पट्टा जरा बारीक झाला. काळजीचं कारण नाही. पट्टे असे बारीक होतात आणि पुढे फुगतात.

२ डिसेंबर

आज बाबांवर चिडले, आणि रास्त कारणासाठी चिडले. चहा देताना पाहते तर मिशी काळी कुळकुळीत. म्हणजे मी पाठ फिरवली की गृहस्थ चरावर जाऊन भुग्यात नाक खुपसून बसतात. मी विचारलं, तर भांडं घासता घासता म्हणाले, गेलो असेन.

त्यांना समोर बसवून चांगलं सुनावलं. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की मज्जातंतूंवर परिणाम होतो, हात थरथरतात, चाल बिघडते, हे खाणीत जन्म काढलेल्या माणसाला मी सांगायचं का? मग माझा एक मास्क दिला आणि दिवसभर लावायला सांगितला. निमूटपणे लावला. मास्क लावून बटाटे परतले. तुफान जेवायला आला होता, त्याला मध्येच जोराचा ठसका लागला आणि तो बाहेर निघून गेला.

एक नोंद घ्यायला हवी. मिशीला साबण लावायला लावला, तरी काळेपणा तसूभरही कमी झाला नाही. इतकं चिवट खनिज मी अजून पाहिलेलं नाही. पट्टा चांगल्या प्रतीचा आहे याचंच हे लक्षण.

९ डिसेंबर

तिसऱ्या चरात पट्टा संपला.

बारीक झाला नाही, संपला. काळ्या दगडाची टाचेएवढी जीभ, आणि तिच्यापुढे नुसता लाल मुरूम. दोन्ही बाजूंना वाढवून खोदायला लावलं. काही नाही. भिंगातून मुरूम पाहत बसले, जसं काही रोखून पाहिल्याने तो काळा होणार होता.

संध्याकाळी पिशव्या खिळ्यांना अडकवताना मोजणी डोक्यात आपोआप होत होती आणि मला ती नको होती. इतक्याशा साठ्यासाठी कोणी खाण उघडत नाही. मला सारखी ती दारामागची खुर्ची दिसते. बाबा परत तिथे बसतील, कोट पेटीत जाईल आणि मी रोज कामावरून येऊन विचारीन, आज कोण वर गेलं?

त्यांना अजून सांगितलेलं नाही. आत शीळ चालू आहे. रडू आलं म्हणून व्हरांड्यात येऊन बसले.

शिवाय पहिल्या चराजवळच्या ढिगाऱ्यातले चांगले चांगले दगड कमी झाल्यासारखे वाटले. तुफानला झापलं, जीपच्या चाकाखाली टेकण लावायला दुसरे दगड मिळत नाहीत का? तो म्हणाला, चुकलं मॅडम. त्याच्या चाकाखाली लाकडाचे ठोकळे आहेत हे नंतर दिसलं. पण त्याने कबूल केलं आहे, म्हणजे केलंच असणार.

११ डिसेंबर

मी आनंदाने वेडी झाले आहे. अक्षर खराब येईल, येऊ दे.

दुपारी बाबांना शोधायला म्हणून पहिल्यांदाच रोपवाटिकेत गेले. ते नुकतेच आडवाटेने परत गेले होते. तिथे एक बाई असतात, वयाने बाबांच्या आसपासच्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, आणि रोपांना वर्गातल्या मुलांसारखं दरडावतात. जुन्या खाणींनी उघडे पाडलेले उतार पुन्हा झाडांनी भरायचे, त्यासाठी ही रोपं. त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून वाफ्यांकडे पाहिलं आणि बोलायचं राहूनच गेलं.

वाफ्यांच्या कडेने काळे दगड मांडलेले होते. निळसर झाक. जड. मी गुडघ्यांवर बसले आणि एकेक उचलून पाहिला. सगळं मॅंगनीज, एकाहून एक सरस.

जो कोणी ही डायरी वाचेल (कोणी वाचू नये) त्याच्यासाठी लिहिते, की सुटा दगड म्हणजे आम्हाला वाटाड्या. खनिजाचा पट्टा वर कुठेतरी उघडा असतो, त्याचे तुकडे सुटून उतारावरून खाली येतात. आपण ते शोधत वर चढायचं. जिथे तुकडे मिळायचे बंद होतात, तिथे खोदायचं. आणि आमचा पट्टा खिंडीच्या या अंगाला आहे, रोपवाटिका त्या अंगाला. खिंड चढून दगड पलीकडे घरंगळणं शक्य नाही. म्हणजे तिकडे दुसरा पट्टा आहे, जो आजवर कोणाच्या लक्षात आलेला नाही.

बाईंना विचारलं, हे दगड आणले कुठून? त्या एकदम गोंधळल्या. चष्मा पुसायला लागल्या. म्हणाल्या, आणले कुठून नाहीत, येतात. मी म्हटलं, कधीपासून? तर म्हणे, महिना होत आला असेल, रोज एखाददुसरा असतो. पुढे म्हणाल्या, चांगले आहेत, दिवसभर तापतात आणि संध्याकाळी रोपांना ऊब देतात.

रोज एखाददुसरा. म्हणजे वरचा उतार हळूहळू सरकतो आहे आणि पट्टा आत्ता, या महिन्यात, सुटा होतो आहे. बाईंना आपल्या अंगणात काय चाललं आहे याची कल्पनाच नाही. मी त्यांना सांगितलं नाही. चौकीपर्यंत पळत आले.

१३ डिसेंबर

वाफ्यांतल्या मातीवर औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड टाकून पाहिलं. मॅंगनीज असलं की ते फसफसतं. फसफसलं. मस्त फसफसलं. नकाशावर दुसरा पट्टा तुटक रेघेने काढला, रोपवाटिकेच्या वरच्या अंगाला, पहिल्यापेक्षा दुप्पट लांब.

आणि घरातूनच आडकाठी. सगळ्यात आधी ज्यांनी नाचायचं, ते बाबा नकाशापुढे उभे राहिले आणि पडेल आवाजात म्हणाले, "तिथे काही नाही, चिमणे."

"कशावरून?"

"मला वाटतं."

"वाटण्यावर खाणी निघत नाहीत, बाबा. दगड तिथे कसे आले ते सांगा."

त्यांनी चहा ढवळायला घेतला. साखर घातलीच नव्हती, तरी ढवळत राहिले. मला फार वाईट वाटलं. माझं शिक्षण, माझा हुद्दा, सगळं ठीक, पण मुकादमाच्या नजरेला न दिसलेला पट्टा मुलीला दिसला, हे त्यांना जड जातं आहे. मी यांच्यासाठी जिवाचं रान करते आणि हे नाक मुरडतात.

१५ डिसेंबर

ताईचा फोन. दुसऱ्या पट्ट्याचं सगळं रंगवून सांगितलं. तिने विचारलं, बाबा रोज दाढी करतात का? मी म्हटलं, ऐकतेस ना, सुटे दगड, नवा पट्टा. ती म्हणाली, हो हो, ऐकते आहे, आणि कोट कोणता घालतात? या घरात माझ्या कामात रस असलेला एकही माणूस नाही.

१८ डिसेंबर

मोठ्या साहेबांना कळवलं. आमचे मोठे साहेब म्हणजे कामाशिवाय ओठ न हलवणारा माणूस. म्हणाले, चर खोदा, मी येऊन पाहतो.

रोपवाटिकेच्या वर चर सुरू केला. बाई रोज येऊन काठावर उभ्या राहतात, काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि "पाणी आणू का?" विचारतात. खोदणाऱ्यांची आपसात नजरानजर चालते. बाबा आलेच नाहीत. वाफ्यांजवळ नवा दगड येणंही थांबलं आहे. चर खोदल्यामुळे उताराचा ताण मोकळा झाला असावा, हे तपासायला हवं.

एक गंमत नोंदवते. सगळे दगड जवळजवळ एकाच मापाचे आहेत, कोटाच्या खिशात मावतील इतके. उतारावरचं पाणी दगडांची अशी निवड करतं, मोठे वर राहतात, बारीक वाहून जातात. निसर्गाची शिस्त पाहून थक्क व्हायला होतं.

संध्याकाळी बाबांच्या कोटाचे खिसे शिवून दिले. दोन्ही तळातून फाटून अस्तरात गेले होते. काय भरतात कोणास ठाऊक. दुहेरी टाके घातले आहेत, आता हत्ती बसला तरी फाटणार नाहीत.

२२ डिसेंबर

चर पूर्ण खोल गेला. लाल माती, पिवळी माती, खाली पांढरा दगड. काळ्याचा ठिपकासुद्धा नाही. उद्या साहेब येणार.

बाबा जेवले नाहीत. मीही नाही. भात दोघांच्या मध्ये तसाच राहिला.

२३ डिसेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

साहेब सकाळी आले. रिकाम्या चरात उतरले, भिंतीवरून बोट फिरवलं, वर आले. मग वाफ्यांपाशी वाकून एक दगड उचलला आणि उलटा केला. दगड माझ्यासमोर धरला. त्याच्या खालच्या बाजूला लाल रंगाची खूण होती. आमची खूण. पहिल्या चरातल्या निवडक दगडांवर मी स्वतः ब्रशने केलेली. मी वाफ्यावरचे इतके दगड पाहिले आणि त्यातला एकही पूर्ण उलटा केला नव्हता.

साहेब म्हणाले, "हा दगड चालत आला नाही. इथे कोणीतरी पेरला आहे."

आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. नसलेला साठा आहे असं भासवायला जमिनीत दगड पेरतात, ती सरळ फसवणूक असते. ज्याचं नाव तसल्या गोष्टीत एकदा आलं, त्याला पुन्हा कोणी हातोडा हातात धरू देत नाही.  खूण माझी, नकाशा माझा, खाण हवी होती तीही मलाच. मी साहेबांच्या जागी असते तर मीही माझ्याकडेच पाहिलं असतं.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. खिंडीपर्यंत जावा असा, खाणीतला आवाज. कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"साहेब, ते दगड मी आणले. रोज एक, कधी दोन. ढिगाऱ्यातून उचलून, खिशात घालून. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही."

साहेबांनी विचारलं, कशासाठी?

बाबा कोट घालून उभे होते, मास्क गळ्यात लोंबत होता. त्यांनी रोपवाल्या बाईंकडे हात केला आणि म्हणाले, "यांना द्यायला. रिकाम्या हाताने रोज कसं यायचं? आणि इथे फुलं न्यावीत तर त्यांच्याकडेच माझ्यापेक्षा जास्त."

तुफान जीपचं टायर तपासू लागला. खोदणारी माणसं पहारी टेकून आभाळात बघू लागली. साहेब बाईंकडे वळले. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही घेत राहिलात? असं त्यांनी विचारलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "घेतले. चांगले दगड होते, परत कशाला करू? पोरीला मी त्याच दिवशी सांगणार होते. पण यांनी अजून तिला काही सांगितलेलं नव्हतं, आणि ते सांगायचं काम यांचं होतं, माझं नव्हे."

साहेबांनी दगड पुन्हा वाफ्याच्या कडेला ठेवला, जिथला होता तिथेच, आणि पायाने नीट सरळ केला. मग आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं संताप, नंतर आवाज आला. आमचे मोठे साहेब हसत होते, डोळ्यांना रुमाल लावून.

मी तडक चौकीवर आले. मिशीचा उलगडा व्हरांड्याच्या पायरीवर झाला.

२४ डिसेंबर

फसफसण्याचाही उलगडा झाला. वाफ्यांत शेणखत आहे, आणि सडलेल्या पाल्यापाचोळ्यावरही पेरॉक्साइड फसफसतं. हे पहिल्या वर्षात शिकवतात.

सकाळी बाबा माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसले. मी भिंतीकडे तोंड करून होते. रागावले होते, पण कशावर ते ठरत नव्हतं. फजितीवर म्हणावं, तर ती माझ्याच हाताने झाली होती. अखेर नको ते तोंडून निघालं.

"तुमच्यासाठी मी डोंगर खणत होते, बाबा. खाण निघाली की तुम्ही इथे राहाल म्हणून. त्या फ्लॅटात तुम्हाला परत न्यायला नको म्हणून. आणि तुम्ही तिकडे दगड वाटत होता. मला कधी एक दिलात?"

त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "मी काय करत होतो माहीत आहे? खाण निघू नये म्हणून रोज मनात म्हणत होतो. खाण आली की बाईंची रोपवाटिका जाणार. आणि निघाली नाही तर तू मला परत नेणार. तुझी आई गेल्यापासून चार वर्षं तू माझ्यापायी लांबचं एकही काम घेतलं नाहीस. आता तुला कोणत्या तोंडाने सांगू, की चिमणे, तू जा, मी इथेच राहतो?"

मी उठून बसले.  आम्ही दोघं इतके दिवस दोन खोल्यांत राहिलो. मला खाण हवी होती त्यांच्यासाठी, त्यांना नको होती, तीही जवळजवळ माझ्यासाठीच, आणि आम्ही रोज बटाट्यांविषयी बोलत होतो.

मी विचारलं, इथे राहणार म्हणजे कुठे? ते म्हणाले, तिच्या घराला मागच्या बाजूला खोली आहे, छप्पर गळतं, मी दुरुस्त करतो आहे. मी म्हटलं, नुसतं छप्पर? तर साठ वर्षांपुढचा हा माणूस कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि म्हणाला, लग्नाचंही विचारलं आहे, तिने आधी मुलीला विचारा म्हणून सांगितलं.

मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. पोटात दुखेपर्यंत हसले. मग बाबाही हसले आणि त्यांच्या मिशीकडे बघून मला हसण्याची आणखी उबळ आली. मिशीचा रंग ताईने पाठवला होता. ताईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तिला सोडणार नाही.

७ जानेवारी

अहवाल पाठवला. साठा उत्तम प्रतीचा, पण फार छोटा. एक पट्टा, तिसऱ्या चरात संपणारा. खाणीइतका नाही. नकाशावरची तुटक रेघ खोडरबराने पुसली. कागदावर तिची खूण राहिली, ती तशीच ठेवली.

लिहिताना वाटलं होतं, दुःख होईल. झालं नाही. असा छोटा, कोणाच्या कामाचा नसलेला, नीट मोजलेला साठा मी याआधी शोधला नव्हता. तो डोंगरात आहे तिथेच राहील आणि मला ते आवडतं.

साहेबांनी पुढच्या कामाचं विचारलं आहे. लांबचं, तांब्याचं, दोन हंगामांचं. असलं काम मी आजवर बाबांना पुढे करून नाकारत आले. या वेळी पुढे करायला बाबा नाहीत. हो म्हणून टाकलं.

२९ जानेवारी

लग्न झालं. नोंदणी कार्यालयात. साक्षीदार म्हणून मी, ताई आणि तुफान. तुफानमुळे उशीर झाला. टेबलामागच्या कारकुनाने बाबांचे हात पाहिले आणि कपाळाला आठी घातली. कागद खराब होईल, हात धुऊन या म्हणाला. बाबा म्हणाले, धुतले आहेत, हे जात नाही. तेवढ्यात बाईंनी सही करायला हात पुढे केला. त्यांचीही बोटं तशीच काळी होती. कारकून एकदा त्या बोटांकडे, एकदा या बोटांकडे पाहत राहिला आणि मुकाट्याने लेखणी दिली.

आता त्यांना हाक काय मारायची हा मला प्रश्न पडला होता. त्यांनीच सोडवला. म्हणाल्या, बाईच म्हण, आई म्हणायला तुझी आई होती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली. चष्मा मध्ये आला.

ताई दिवसभर मला "काय गं, उतार सरकला का?" असं विचारत होती.

२ फेब्रुवारी

आज निघायचं. पिशव्या, नकाशा, भिंग, सगळं भरून झालं. खिळे भिंतीत राहिले.

निरोप घ्यायला रोपवाटिकेत गेले. माझा तो रिकामा चर, ज्याच्याकडे बघायची मला लाज वाटायची, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत रोपं लावलेली होती. बाई म्हणाल्या, उतारावर इतका सरळ चर खात्याने आम्हाला जन्मात खोदून दिला नसता, आणखी एखादा पट्टा सापडतो का बघ. बाबा चरात उभे राहून माती दाबत होते. तिथूनच खोदणाऱ्यांना हाका मारत होते, पहार अशी नाही, तशी धर. कोणी त्यांना अडवलं नाही. मी तर नाहीच.

बाबा जीपपर्यंत सोडायला आले.  मी त्यांना मास्क लावत जा म्हटलं, ते मला वेळेवर जेवत जा म्हणाले. मग म्हणाले, जरा थांब, आणि कोटाच्या खिशात हात घातला. खूप खोलवर घालावा लागला. एक दगड काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुला कधी दिला नव्हता, नाही का?"

तुफानने गाडी सुरू केली. वळणावर मागे पाहिलं. बाबा हात हलवत होते, बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या, आणि मला वाटत होतं तशी त्यांची आकृती एकटी दिसली नाही. मी रडले. तुफान नेहमीपेक्षाही हळू चालवत होता, त्याबद्दल त्याला काही बोलले नाही.

आता पहिल्या मुक्कामी, एका खानावळीच्या वरच्या खोलीत लिहिते आहे. दगड समोर टेबलावर आहे. सवयीने भिंग लावलं. निळसर काळा, वजनदार, एका अंगाला नुकताच तुटलेला. घासून पाहिला, रेघ काळीभोर. या वेळी उलटा करूनही पाहिला. खाली लाल खूण नाही. त्यांनी माझ्यासाठी तो ढिगाऱ्यातून उचलला नव्हता, दरडीतून स्वतः काढला होता.

सवयीने ब्रशही हातात घेतला होता, पण परत ठेवला. आजवर हातात आलेल्या प्रत्येक दगडावर मी नंबर घातला आहे. याच्यावर घातलेला नाही.